दुपट्ट्याखालचे किलोमीटर

अमरावतीच्या शोरूममध्ये शिरल्या शिरल्या मामानं एका नव्याकोऱ्या गाडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली आणि मॅनेजरला विचारलं, "दात किती झाले हिचे?"

मॅनेजर हसला. टाय लावलेली माणसं न समजलेल्या प्रश्नाला हसतात. मग मीच त्याला समजावलं, की मामा परतवाड्याच्या बाजारात बैलांचे सौदे करतो, बैलाचं वय दातांवरून काढतात, आणि त्याला एवढंच विचारायचं आहे की गाडी कोणत्या सालची.

"याच वर्षीची, काका."

"म्हंजे आदत हाय. दुधाचे दात." मामा खूश झाला आणि टायर दाबत गाडीभोवती फिरू लागला. मी दाराशी लाजेनं अर्धी झाले होते. ताईला मात्र हसू आवरत नव्हतं, आणि ते मला बरं वाटलं, कारण त्या दिवशी जे काही पणाला लागलं होतं ते तिचंच होतं.

माझी ताई ढोरांची डॉक्टर आहे. चांगली शिकलेली, पदवी भिंतीवर टांगलेली. आणि पदवी टांगल्यापासून ती चांदूर बाजारला काकाच्या दुकानात बसून सरकीची ढेप, म्हणजे ढोरांची पेंड, विकत होती! ज्या हातानं अडलेलं वासरू सोडवायचं त्या हातानं पोती मोजायची. याला जबाबदार कोण? काकाला विचारलं तर तो म्हणायचा, "वाईट काय हाय त्याच्यात? सावलीत बसा लागते." ताई पुढचं पोतं ओढायची. ती काटा तोलायची.

मग दर्यापूरकडच्या एका दूध संघानं तिला दोन वर्षांचं काम देऊ केलं. गावोगाव फिरायचं, गाई-म्हशी तपासायच्या, कृत्रिम रेतन करायचं. गाडीचा खर्च संघ देणार, पण चारचाकी आपली पाहिजे. कारण रेतनाच्या कांड्या ज्या नायट्रोजनच्या भांड्यात ठेवतात ते भांडं स्कूटरवर बांधून दर्यापूरच्या काळ्या मातीत गेलं, तर भांडं एकीकडे पडतं आणि डॉक्टर दुसरीकडे. सोमवारी गाडी घेऊन हजर व्हायचं. गाडी नसली तर यादीत पुढचं नाव होतंच. म्हणजे गाडी नाही तर काम नाही, आणि काम नाही तर ढेप.

बँकेत गेलो. बँकेनं सात वर्षांचं कर्ज पुढं केलं. काम दोन वर्षांचं, फेड सात वर्षांची! मी तिथंच उभी राहून दोन वाक्यं ऐकवली, तर ताईनं माझी ओढणी धरून मला बाहेर काढलं. बाहेर बडनेऱ्याच्या रस्त्यावर एक भलामोठा फलक होता. "गाडी विकत कशाला? लीजवर न्या!" दोन वर्षं महिन्याला ठरलेलं भाडं भरायचं, विमा त्यांचा, दुरुस्ती त्यांची, मुदत संपली की गाडी परत. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो. हे तर आमच्यासाठीच कोणी काढलं होतं.

फलकाच्या कोपऱ्यात मुंगीएवढा एक तारा होता. ताऱ्याखाली लिहिलं होतं, अटी लागू.

आता माझ्याबद्दल. मी पत्रकं लिहिते. दर्यापूरची शेवटची बस बंद झाली तेव्हा "बस कुठे गेली???" हे पत्रक माझं होतं. वसतिगृहात मुलींना गढूळ पाणी आलं तेव्हा "हे पाणी साहेबांनी प्यावं!!!" हेही माझंच. पत्रकानं मला शिकवलं आहे की शीर्षक मोठं हवं आणि मागणी एकच हवी. दहा मागण्या केल्या की साहेब त्यातली सगळ्यात फुकटची मान्य करतो आणि फोटो काढून घेतो.

तारा पाहिला की माझं डोकं फिरतं. मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तक्ता आखला. वर अमरावती आणि अकोला, कारण वऱ्हाडात लीज देणारे दोनच डीलर आम्हाला सापडले होते. खाली भाडं, विमा, टायर, ओरखडे, किलोमीटर. फोन लावले. भाडं दोघंही लगेच सांगत, आवाजात साखर घालून. किलोमीटर विचारले की दोघांचीही लाईन अचानक खराब व्हायची. "या ना मॅडम शोरूमला, चहा घेऊ." तेव्हाच मला कळलं की ताऱ्याचं घर कुठं आहे. आमची मागणी ठरली: किलोमीटर. आणि मी एक पिवळं पत्रक छापून टाकलं, "लीजवर गाडी नेण्याआधी हे विचारा!!!" छापखानेवाला हजाराच्या खाली छापत नाही, त्यामुळे माझ्या पिशवीत एक जाडजूड गठ्ठा होता.

मामाला आईनं पाठवलं होतं. तिचं म्हणणं, दोन पोरी सौद्याला जातात हे बरं दिसत नाही. मामा म्हणाला, "सौदा म्हंजे सौदा. बैल काय अन् गाडी काय!" आणि गळ्यात धुतलेला पांढरा दुपट्टा टाकून आला.

तर अमरावतीचा मॅनेजर. नागपूरचा होता, आमच्याहून थोडाच मोठा, केस चोपून बसवलेले. त्यानं चहा दिला, पुस्तिका दिली, भाडं सांगितलं. मी तक्ता उलगडून त्याच्या टेबलावर पसरला, त्याची पेनांची बरणी तक्त्यावर वजन म्हणून ठेवली आणि विचारलं, "किलोमीटर?"

"महिन्याला हजार. त्याच्यावर गेलं तर प्रत्येक किलोमीटरचा वेगळा चार्ज."

"हजारात माझं काय होणार?" ताई म्हणाली.

"मॅडम, लेडीजचं रनिंग कमीच असतं. शाळा, मार्केट, माहेर."

माझ्या कानातून वाफ निघाली. पण ताईनं शांतपणे कप खाली ठेवला. "माया पेशंटले चार पाय हायेत, पण तो चालत येत नाई. मलेच जा लागते. महिन्याचे अडीच हजार तरी होईन."

मॅनेजरनं पुस्तिका चाळली. तिच्यात चार पायांचे पेशंट नव्हते.

"अन् गाडी परत देताना कशी पाह्यजे?" ताईनं विचारलं.

"नॉर्मल झीज चालते, मॅडम. थोडे ओरखडे वगैरे."

"म्हशीनं शिंग मारलं तं थे नॉर्मल का?"

"म्हशीनं..." त्यानं पुन्हा पुस्तिका उघडली.

तोवर मी कामाला लागले होते. शोरूममध्ये एक जोडपं नारळ-हार घेऊन आलं होतं, दोन माणसं नुसती एसी खायला बसली होती. सगळ्यांच्या हातात मी पिवळं पत्रक दिलं. नारळवाल्या बाईनं ते उभ्या उभ्या वाचलं आणि नवऱ्याला मोठ्यानं विचारलं, "अहो, आपल्या कागदावर तारा कुठी हाय?" नवरा कागद उलटासुलटा करू लागला. मॅनेजरच्या कपाळावर, एसी असूनही, घाम आला.

आणि इथं मामानं त्याचं ब्रह्मास्त्र काढलं. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं हातात हात घ्यायचा, वर दुपट्टा टाकायचा आणि खाली बोटांनी बोलायचं. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच, बोटाचं पेर दाबलं तर अर्धा. हजारात की शेकड्यात, तेवढं फक्त तोंडानं सांगायचं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. आणि दोघांनी "जमलं" म्हटलं की शब्द झाला, मग मामाच्या मते आभाळ कोसळलं तरी तो मोडत नाही.

मामानं टेबलावरून हात पुढं केला, मॅनेजरचा हात धरला, वर दुपट्टा टाकला आणि डोळे मिटले. "हजारात बोलून राह्यलो," तो म्हणाला.

मॅनेजरला वाटलं असावं की काका आशीर्वाद देतायत, नाहीतर नाडी बघतायत. तो इकडं माझ्याकडं, तिकडं ताईकडं पाहू लागला. आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यानं केलं. मामाचा हात घट्ट धरला.

"जमलं!" मामा ओरडला.

"काय जमलं?" मॅनेजर किंचाळला.

"पंजा धरला ना तुमी! पाच हजार. महिन्याचं भाडं पाच हजार!"

"काका, पाच हजारात स्कूटर पण मिळत नाही!"

"मंग पंजा कावून धरला?"

"तुम्ही माझा हात धरला म्हणून मी धरला!"

मामाचा असा अपमान परतवाड्याला कधी झाला नसेल. "दुपट्ट्याखालचा शबुद मोडता! माणसं व्हय का तुमी?" तो दुपट्टा झटकून उभा राहिला. मला मामाचा राग येत होता आणि मॅनेजरचाही. मामाचा जास्त. माझं सगळं आयुष्य "जे आहे ते उघड सांगा" असं भिंतींवर चिकटवण्यात चाललंय, आणि माझाच मामा कापडाखाली भाव करतो! मी तसं म्हटलंसुद्धा. मामा म्हणाला, "तू चूप वं. उघड बोललं का भाव चढते."

हे सगळं तिथंच मिटलं असतं. पण शोरूममधली एक गाडी त्या दिवशी अकोल्याच्या वाहन प्रदर्शनात पोचवायची होती, आणि ड्रायव्हर आलाच नव्हता. मॅनेजर दोनदा बाहेर जाऊन फोन करून आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"तुमीच घेऊन जा ना मंग," मामा म्हणाला.

मॅनेजर टाय चाचपत हळूच बोलला, "मला गाडी विकता येते. चालवता येत नाही."

मग ताईनं हात पुढं केला. "किल्ली द्या. आम्हाला अकोल्याला जायाचंच हाय. आमची टेस्ट ड्राइव्ह होईन अन् तुमची गाडी पोचीन."

काकाच्या दुकानाचा ढेपेनं भरलेला टेम्पो तिनं चिखलातून, बाजारातून, बैलगाड्यांच्या मधून चालवलेला. मॅनेजरनं तिचं लायसन्स पाहिलं, मामाच्या दुपट्ट्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि किल्ली दिली. मामा पुटपुटला, "बैल जोतून पाह्यल्याबिगर घेतच नाई आपण." अशा रीतीनं आम्ही एका डीलरची गाडी आणि एका डीलरचा मॅनेजर घेऊन दुसऱ्या डीलरकडे भाव करायला निघालो. हे मी आजही मोठ्या अक्षरात छापावं म्हणते.

बडनेरा सुटलं आणि ताई गाणं म्हणू लागली. ढेपेच्या दुकानात मी तिला कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला आलेलं, कपाशी हिरवीगार, आणि ही बाई काचा खाली करून रस्त्यावरच्या प्रत्येक गाईकडं बघून निदान करत चाललेली. "थे पाय, लंगडून राह्यली. खुरात हाय काही." मागे मामा आणि मॅनेजर. आधी बराच वेळ दोघंही विरुद्ध खिडक्यांतून बाहेर बघत होते. मग मूर्तिजापूरला आलूबोंडे खाल्ले, आणि तोंडात आलूबोंडा असताना कोणाशी फार काळ भांडता येत नाही. गाडी सुटली तशी मॅनेजरनंच विचारलं, "काका, ते दुपट्ट्याचं नेमकं कसं असतं?"

मामाचा राग कुठल्या कुठं गेला. दुपट्टा पसरला, शिकवणी सुरू झाली. "हे येक. हे दोन. हे अडीच. अरे, पेर दाबा ना, नख कावून टोचता!" आरशात मला दोघांची डोकी जवळ आलेली दिसत होती. बोरगावपर्यंत मॅनेजरनं मामाला दोन काल्पनिक बैल विकले होते आणि एक गाय घेतली होती. "फसले तुमी," मामा आनंदानं म्हणाला. "गाय भाकड होती."

अकोल्याच्या शोरूमसमोर आम्ही गाडी उभी केली, अगदी दारात. गाडीच्या दोन्ही बाजूंना अमरावतीच्या डीलरचं हातभर नाव रंगवलेलं होतं. आतून मालक स्वतः बाहेर आला. पोट सुटलेला, पांढरा शर्ट, पायात चप्पल नाही. त्यानं गाडीवरचं नाव वाचलं, मग मॅनेजरचा टाय पाहिला.

"हे काय होय? माया दारात सवतीची वरात!"

"आमी भाव काढाले आलो," मामा म्हणाला. "हे बी आले आमच्यासंगं."

"या मंग, या. सवतीले बी चहा पाजू."

मॅनेजर म्हणत होता की मी बाहेरच थांबतो. पण किल्ली ताईकडं होती, आणि किल्ली जिकडं जाईल तिकडं त्याला जाणं भाग होतं. तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि समोर ठेवलेल्या चहाकडं विष असल्यासारखं बघत राहिला.

मी तक्ता उलगडला. आता दोन्ही डीलर एका टेबलावर होते! अशी संधी कोणत्या कार्यकर्तीला मिळते? मी म्हटलं, "खुली चर्चा होईल. दोघांनी आपापले किलोमीटर मोठ्यानं सांगायचे. मी लिहीन."

मालकानं माझ्याकडं कौतुकानं बघितलं, जसं बोलक्या पोपटाकडं बघतात. "हे पोट्टी काय निवडणुकीले उभी हाय का?" मग त्याची नजर मामाच्या खांद्यावर गेली. "दुपट्टा कोठच्या बाजाराचा?"

"परतवाडा."

"माया बापाचे बैल तेथूनच येत होते." मालकानं बाही वर केली आणि हात पुढं केला.

मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. दुपट्टा पडला. दोघांचे चेहरे दगडासारखे झाले. दुपट्टा मधूनच हलायचा, कापडाखाली उंदीर फिरावा तसा. "शेकड्यात," मामा म्हणाला. जरा वेळानं मालक म्हणाला, "आता हे दुसरं." मामानं नाक फेंदारलं. मॅनेजर चहा विसरून मान लांब करून बघत होता. आता त्याला या खेळाची अक्षरं येत होती, पण पान झाकलेलं होतं.

"जमलं," मामा म्हणाला.

"जमलं," मालक म्हणाला.

मामानं दुपट्टा काढला आणि आमच्याकडं असं पाहिलं जसं लग्नात वरबाप मांडवाकडं बघतो. "भाडं अमरावतीपक्षा लय कमी केलं! आता बोला!"

"अन् किलोमीटर?" ताईनं विचारलं.

"थे थोडे कमी केले. आठशे. त्याच्यात काय हाय?"

बैलाला किलोमीटर नसतात! आयुष्यभर ज्यानं बैल घेतले त्याला वाटलं, ही काहीतरी किरकोळ बाब आहे, दावं किंवा घुंगरू असावं तशी, ती सोडली की भाव उतरतो. ताईचा चेहरा बघवेना. आठशे किलोमीटर म्हणजे तिचा महिना अर्ध्याच्या आतच संपणार. उरलेले दिवस गाय दर्यापूरच्या पलीकडं अडलेली आणि डॉक्टरीणबाई गाडीपाशी हिशेब करत उभ्या. नाहीतर सरळ ढेप.

मी उठले. मी भाषण केलं. कापडाखालच्या कारभाराचा जाहीर निषेध केला, बंद खोलीतल्या सगळ्या सौद्यांचा केला, ताऱ्याचा केला, आणि ओघात बसचाही केला. मालकाचे दोन कर्मचारी काचेपाशी येऊन उभे राहिले. मी त्यांनाही पत्रकं दिली.

"तुयं खरं हाय बाई," मालक म्हणाला, "पण दुपट्ट्याखाली शबुद झाला. तुया मामानं देल्ला."

"मामानं देल्ला," ताई म्हणाली. "गाडी मामा चालवणार हाय का?"

मामानं तोंड उघडलं. ताईनं त्याला बोलू दिलं नाही. "परतवाड्याले मीच ढोरं तपासाले येत होती ना मामा, शिकत होती तेव्हा? मले माहीत हाय तुमचा कायदा. जनावर ज्याच्या गोठ्यात जाते त्यानं इसार देल्ला तं सौदा पक्का. मी देल्ला का इसार, येक रुपया तरी?"

मामानं मालकाकडं पाहिलं. मालकानं छताकडं पाहिलं. कायदा खरा होता.

ताईनं मामाच्या खांद्यावरून दुपट्टा ओढून घेतला आणि टेबलावर पसरला. एक हात मालकाच्या दिशेनं आत घातला. मग दुसरा हात, मॅनेजरच्या दिशेनं. "या," ती म्हणाली. "दोघंबी."

बैलबाजारात बाईचा हात दुपट्ट्याखाली जात नाही. मामा अर्धा उठला. "अवं माय, काय करून राह्यली?" पण मला ताईचे दंड दिसत होते. म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून, न बघता, नुसतं चाचपून आत काय आहे ते सांगायचं, हे तिचं शिक्षण. डोळ्यांनी दिसत नाही तिथं बोटांनी बघायचं, हाच तिचा धंदा. दोन डीलरांची बोटं म्हणजे काय मोठं!

"किलोमीटर," ती म्हणाली. "हजारात."

दुपट्टा हलू लागला, आता दोन्ही टोकांना. मालक आधी हसत होता, मग हसायचा थांबला. मॅनेजरचे कान लाल झाले. "आई गं!" तो एकदा म्हणाला, बहुतेक ताईनं पेर जरा जोरात दाबलं असावं. ताई दोघांपैकी कोणाकडंच बघत नव्हती. ती खिडकीबाहेर, रस्त्यावरच्या एका कालवडीकडं बघत होती. उघडपणाची पुरस्कर्ती मी, आणि मला त्या कापडावरून नजर काढता येत नव्हती!

मालकानं एकदा मान हलवली. मग पुन्हा. मग त्याचा हात दुपट्ट्याबाहेर आला आणि त्यानं तो झटकला. "नाई परवडत बाप्पा. हारलो मी."

आणि मॅनेजर, नागपूरचा, टाय लावलेला, ज्यानं सकाळी हातात हात आल्यावर फक्त बेशुद्ध पडायचं बाकी ठेवलं होतं, तो खुर्चीवरून उडी मारून ओरडला, "जमलं!"

"किती?" मी किंचाळले. "किती, किती, किती?"

"अडीच," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसत होती.

मॅनेजरला घाम फुटला तो नंतर. लीज देणाऱ्या कंपनीची परवानगी लागणार होती. त्यानं तिथंच फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला, कारण मी त्याच्या समोर कमरेवर हात ठेवून उभी होते. पलीकडचा माणूस अजिबात दचकला नाही. हो, म्हणाला, किलोमीटर वाढवता येतात, भाडं थोडं वाढतं एवढंच. मॅनेजर म्हणाला, मग हे आपण पुस्तिकेत का लिहीत नाही? पलीकडून उत्तर आलं, "कोणी मागतच नाही."

कोणी मागतच नाही! म्हणजे कोपऱ्यात तारा ठेवायचा, लोकांना तो दिसू द्यायचा नाही, आणि वर म्हणायचं की कोणी मागत नाही! मी तिथंच पुढचं पत्रक रचायला घेतलं होतं. पण वाढलेलं भाडंही संघ देणार होता त्यात बसत होतं, आणि ताई मालकाच्या पाया पडत होती, आणि मालक "अवं राहू दे, हारल्याच्या पाया कोणी पडते का?" म्हणत होता. मग मीही गप्प बसले. जवळजवळ. करार आला तेव्हा मी मॅनेजरकडून अडीच हजार हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून घेतला, म्हशीच्या शिंगाचे ओरखडे झीज म्हणून धरले जातील हेही लिहून घेतलं, आणि शेजारचा तारा खोडून त्याखाली सही मागितली. "मॅडम, तारा कंपनीचा आहे, माझा नाही," तो कळवळून म्हणाला. पण सही केली. दुपट्ट्याखाली काय ठरवायचं ते ठरवा, कागदावर उघडं आलं पाहिजे. एवढी तडजोड मी केली आहे आणि याच्या पुढं जाणार नाही.

त्या दिवशी मॅनेजरला गाडीसकट आम्ही प्रदर्शनाच्या मैदानावर सोडलं. उतरताना त्यानं मामाला विचारलं, "काका, परतवाड्याचा बाजार कोणत्या वारी असतो?"

आमची गाडी शनिवारी आली. सोमवारी सकाळी ताई चांदूर बाजारहून निघाली तेव्हा काकाच्या दुकानासमोर तिनं हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. काका ढेपेच्या पोत्याआडून बाहेर आला, गाडीकडं बघितलं आणि म्हणाला, "सावली तं हाय म्हणा हिच्यात बी." नायट्रोजनचं भांडं मागच्या सीटवर दुपट्ट्यानं गच्च बांधलेलं होतं. मामाचा दुपट्टा. तो परत मागितला तर ताई म्हणाली, इसार म्हणून ठेवला आहे. मामाला पुढच्या बाजाराला नवा घ्यावा लागला, आणि नव्या कापडाखाली बोटं नीट कळत नाहीत अशी त्याची अजून तक्रार आहे.

दुपारी ताईचा फोन आला. मागे कुठं तरी म्हैस हंबरत होती.

"पोचली का वं?" मी विचारलं. "काम झालं?"

"पह्यल्याच गावात रुतली गाडी. भादव्याची माती, चाक नुसतं फिरे. अन् म्हैस तिकडं अडलेली."

"मंग?"

"तू गावोगाव वाटाले देल्लेला पत्रकाचा गठ्ठा डिक्कीत होता ना, पिवळा? सारा चाकाखाली अंथरला. निंगाली गाडी! पारडी झाली, चांगली ठणठणीत."

मी काही बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, "पह्यल्यांदा कामी आले वं तुये पत्रकं. अजून हजार छाप."

याचाही मी निषेध केला असता. पण ती इतकी हसत होती की मला मध्ये बोलताच येईना.